‘मत फुकट घालवलं’ म्हणणाऱ्यांना

निवडणूक जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. गेल्या विधानसभेच्या वेळी तो मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक आम्हा निवृत्त शिक्षकांचा. मजकूर थोडक्यात असा: छोट्या पक्षांना मत देणारे अडाणी असतात, पाचशेच्या नोटेला विकले जातात, भाषणांना आणि फुकटच्या आश्वासनांना भुलतात. त्यांच्या मताने घडत काहीच नाही, नुसती मतं खाल्ली जातात आणि नको तो निवडून येतो. तेव्हा असले पक्ष बंदच करा.

पाठवणाऱ्यांपैकी बरेचजण माझ्या जवळचे आहेत आणि त्यांच्या मनात पाप नाही, हे मला माहीत आहे. पण मी बीड जिल्ह्यात 31 वर्षं शिकवलं, त्यातली 11 वर्षं बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरले. ज्यांना हा मेसेज अडाणी म्हणतो त्यांच्या ओट्यावर बसून मी चहा प्यायले आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पैशाचं. मत विकत घ्यायचं तर आधी खिशात पैसा लागतो. आमच्याकडे छोट्या पक्षाचा पोरगा स्वतःच्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकून येतो आणि पत्रकं संपली की उरलेल्या गावात तोंडी प्रचार करतो. लोकसभेला उभं राहायचं तर 25 हजार रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. ही रक्कमसुद्धा कित्येक ठिकाणी वर्गणीतून उभी राहते. स्वाभिमानी पक्षाचे शेतकरी नेते राजू शेट्टी 2009 मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले ते ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत. तिथे नोट मतदाराच्या खिशातून उमेदवाराकडे गेली. पैसे वाटले जातात हे खरंच आहे, पण कोणाच्या गाडीतून उतरतात ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ‘अडाणी’ या शब्दाकडे येते, कारण माझं मन दुखतं ते तिथे.

आमच्या भागातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणीच कोयत्यात होते: ‘यंदा माझ्याकडे वीस कोयते आहेत,’ असं मुकादम सांगतो. लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात येते, तेव्हा ही माणसं गावात असतात. 2024 मध्ये बीडचं मतदान 13 मे रोजी झालं आणि आमच्या केंद्रावर रांग लागली होती. विधानसभेचं मतदान मात्र 2014 ला 15 ऑक्टोबर, 2019 ला 21 ऑक्टोबर, 2024 ला 20 नोव्हेंबर. म्हणजे ऐन निघायच्या दिवसांत, नाहीतर कोयता चालू झाल्यावर. ज्या आमदाराने त्यांच्या मजुरीबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल विधानसभेत बोलायचं, त्यालाच निवडताना हे लोक गावात नसतात.

मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाकडे एक वेगळी यादी असते: गैरहजर, स्थलांतरित, मयत. माझ्या शाळेत शिकलेल्या मुलींची नावं मी त्या यादीत बघितली आहेत. मेलेल्यांच्या नावाखाली, एकाच पानावर.

नोव्हेंबर 2024 मध्ये ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहासाठी नावं घ्यायला मी जुन्या सवयीने मदतीला गेले होते. एका घरासमोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्रे, चूल, बाजरीचं पोतं, दोन शेळ्या. घरची बाई रेशनकार्ड, आधार आणि मतदान कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवत होती. मी विचारलं, ‘मतदानाला येशील का गं?’

‘बाई, यायचं म्हणलं की मुकादम खाडा धरतो. दोन दिवसाचा खाडा परवडतोय का? गाडी आली तर येऊ.’

‘गाडी’ म्हणजे उमेदवाराने पाठवलेली. ज्याच्याकडे गाड्या भरून माणसं आणायची ऐपत, त्यालाच ही मतं मिळतात. मग मी तिला विचारलं, लोकसभेला मत कुणाला दिलंस? तिने एका छोट्या पक्षाचं नाव घेतलं, ज्याची अनामतही वाचली नव्हती.

‘ते पोरगं मागल्या साली आमच्या कोपीवर आलं होतं, पार तिकडं फडात. टनाला किती देत्यात, काट्यावर वजन कोण बघतं, ते इचारलं. आजवर कुणी इचारलं नव्हतं. निवडून नाय यायचं ते, मला म्हाईत हाय. पर त्यानं इचारलं.’

या बाईला कुणी भुलवलेलं नाही. ज्याला मत देते आहे तो हरणार हे तिला मत देतानाच माहीत होतं. लोक अशा पक्षांकडे का वळतात यावर पुष्कळ लिहिलं जातं, पण मला तिचं उत्तर पुरेसं वाटतं: बाकीचे पक्ष तिच्याकडे फक्त निवडणुकीत येतात, आणि तेही मुकादमामार्फत. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीने उमेदवारांच्या नावापुढे जात छापली तेव्हा शहरात खूप नाकं मुरडली गेली. मलाही ते आवडलं नव्हतं. पण ज्या जातीच्या माणसाला कोणत्याच पक्षाने कधी तिकीट दिलं नव्हतं, त्याने ती यादी बोट ठेवून वाचली, हेही मी पाहिलं.

फुकटच्या आश्वासनांबद्दल फार लिहायची गरज नाही. 2024 च्या विधानसभेत ‘लाडक्या बहिणी’चे 1,500 रुपये वाढवून 2,100 करू असं महायुती सांगत होती, महाविकास आघाडी 3,000 देऊ म्हणत होती. हे राज्यातले सगळ्यात मोठे पक्ष. लोकानुनयाचा आरोप करायचाच तर तो वरपासून करावा.

‘मतं खातात’ हा मात्र वजनदार मुद्दा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. 2019 च्या लोकसभेत वंचित आणि एमआयएम यांना मिळून राज्यात सुमारे 41 लाख मतं पडली आणि जागा एक आली, औरंगाबादची. नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण भाजपकडून 40 हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि तिथल्या वंचितच्या उमेदवाराला 1 लाख 66 हजार मतं होती. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण त्या वजाबाकीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ती 1 लाख 66 हजार मतं मुळात काँग्रेसची होती आणि कुणीतरी पळवली. मत हे पक्षाच्या सातबाऱ्यावर चढलेलं नसतं. वंचित नसती तर त्यातले किती काँग्रेसकडे गेले असते, किती भाजपकडे, किती घरीच बसले असते, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि ज्यांना पाडलं म्हणून पाच वर्षं त्या मतदारांना भाजपचे हस्तक म्हटलं गेलं, ते अशोक चव्हाण स्वतः फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. नांदेडच्या त्या मतदाराची कोणी माफी मागितल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

पुढचंही पाहा. 2024 च्या लोकसभेत वंचितची राज्यातली मतं निम्म्याहून खाली आली. संविधान धोक्यात आहे असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या वेळी आपण होऊन महाविकास आघाडीला मत दिलं. पाच वर्षांत विचार करून मत फिरवणाऱ्याला अडाणी कसं म्हणायचं?

‘घडत काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी 1972 चा दुष्काळ आठवावा. आमच्या आईने त्यात खडी फोडली आहे. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे, हे श्रेय त्यांचंच. पण दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे काढून, ‘दान नको, काम द्या, आणि तो आमचा हक्क म्हणून द्या’ हे सरकारच्या गळी उतरवलं ते शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण पक्ष यांनी. तेव्हा सत्तेच्या जवळपासही नसलेले पक्ष होते ते. 1977 मध्ये राज्याने कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाने तसाच कायदा केला. दुष्काळाच्या त्याच वर्षांत समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईत रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या पक्षांच्या आमदारांची संख्या कोणी विचारत बसलं नाही.

छोटे पक्ष सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. कितीतरी एकाच माणसाचे असतात, त्याच्यापासून सुरू होतात आणि त्याच्या मुलापाशी संपतात. काही तर गरिबाला दुसऱ्या गरिबावर घालतात: तुझी नोकरी त्या जातीने खाल्ली, तुझं घर त्या परप्रांतीयाने घेतलं. अशा पक्षाला मी स्वतः कधी मत देणार नाही आणि दुसऱ्यालाही देऊ नको म्हणेन. पण ते त्यांच्या विषामुळे, लहान आहेत म्हणून नव्हे.

राहिलं ‘बंद करा’. कागदोपत्री पक्ष काढण्याची सोय आहेच. सलग सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले 334 नोंदणीकृत पक्ष निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढले, आणि ते योग्यच झालं. पण जो पक्ष लढतो, हरतो आणि पुन्हा फडात जाऊन टनाचा भाव विचारतो, त्याला बंद करून त्या बाईचं मत कुठे जाणार? तिच्यासाठी काही करायचंच असेल तर ती असेल तिथून तिला मत देता यावं, एवढं करा. जानेवारी 2023 मध्ये आयोगाने त्यासाठीचं यंत्र पक्षांपुढे मांडलं, एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असं. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या, आणि विषय तिथेच राहिला. 20 नोव्हेंबरला ती बाई उसाच्या फडात होती. गाडी आली नाही.