नव्या सेलवर मीटर तपासता येत नाही

"डिजिटल मल्टिमीटरला कॅलिब्रेशन लागत नाही. नव्या सेलवर दीड व्होल्ट दाखवला की मीटर ठीक. फरक आलाच तर आतला प्रीसेट फिरवून जुळवा." व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणाऱ्या मीटरबद्दलचा हा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो (प्रीसेट म्हणजे आतला, स्क्रूने फिरवायचा जुळवणीचा छोटा रेझिस्टर). त्यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिसरं तर नुकसान करणारं आहे.

आधी "डिजिटल आहे" हे घेऊ. मीटर आत आलेलं व्होल्टेज स्वतःच्या रेफरन्सशी, म्हणजे आतल्या ठरावीक व्होल्टेजशी, ताडून आकडा काढतो. हा रेफरन्स आणि डिव्हायडरचे (मोठं व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करणाऱ्या भागाचे) रेझिस्टर काळाबरोबर आणि तापमानाबरोबर सरकतात. रेफरन्स १ टक्का उतरला की मीटर साधारण १ टक्का जास्त दाखवतो, आणि आकडे मात्र पूर्वीइतकेच स्थिर दिसतात. डिस्प्लेवर तीन दशांश स्थळं आहेत म्हणून तिन्ही खरी असतात असं नाही.

आता सेल. नव्या अल्कलाइन सेलचं विनालोड व्होल्टेज साधारण १.५५ ते १.६५ यांत कुठेही असू शकतं. मीटरची अचूकता ±(वाचनाच्या ०.५ टक्के + २ डिजिट, म्हणजे शेवटच्या अंकात २) असेल, तर ६.००० च्या रेंजवर १.६०० या वाचनाला मुभा फक्त ±०.०१० व्होल्टची. सेलचीच अनिश्चितता त्याच्या पाचपट. तपासणीचं मानक मीटरपेक्षा निदान चौपट अचूक हवं, इथे उलटं आहे. शिवाय हा एका डीसी रेंजवरचा एकच बिंदू झाला. ओव्हरलोडने तापून शंटची, म्हणजे करंट मोजण्यासाठीच्या आतल्या रेझिस्टरची, किंमत बदलली असेल, तरी व्होल्टचं वाचन बिनचूकच येईल.

प्रीसेटला तर हात लावूच नका. कॅलिब्रेशन म्हणजे मानकाशी तुलना करून चूक नोंदवणं; जुळवणी ही त्यानंतरची वेगळी पायरी. बऱ्याच मीटरांत तो प्रीसेट रेफरन्सचाच असतो. सेलवर १.५०० आणायला तो फिरवलात, तर खरे १.६०० असलेल्या सेलमुळे सगळ्या डीसी रेंज ६.२५ टक्क्यांनी कमी दाखवतील: २०० व्होल्टच्या जागी १८७.५. आणि मूळ चूक किती होती ते आधी लिहून ठेवलं नसेल, तर मागची कोणती मोजमापं बिघडली हे कधीच कळणार नाही.

वाचनाबद्दल शंका आली तर आधी मीटरची बॅटरी बदला; काही मीटर बॅटरी उतरली की चुकीचं दाखवतात. मग ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर प्रोब एकमेकांना टेकवा. ०.१ ते ०.३ ओहम स्थिर आले तर तो वायरींचा रोध. आकडा नाचत असेल तर वायर, जॅक किंवा सिलेक्टर स्विच खराब आहे. कॅलिब्रेशनने ते सुटणार नाही.

खरी तपासणी सहसा २३ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. मीटर आधी काही तास त्याच खोलीत ठेवतात, मग प्रत्येक रेंजच्या साधारण १० आणि ९० टक्क्यांवर वाचन घेतात. डीसीला दोन्ही पोलॅरिटी, एसीला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात एडी५८४ सारखं रेफरन्स मॉड्यूल (ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा बोर्ड) उपयोगी पडतं. त्यावर चिकटवलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. दर महिन्याला, शक्यतो त्याच तापमानाला, २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्टची वाचनं वहीत लिहा. ती एकाच दिशेने सरकू लागली, तर मॉड्यूल आणि मीटर यांपैकी एक बदलतो आहे. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता मीटर कॅलिब्रेशनला पाठवा.