यंदाचा मार्च की पुढचा? मुग्धाच्या अर्जावरून कट्ट्यावर झालेला राडा

नौपाड्यात आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायऱ्या. शनिवारी रात्री तिथे पक्याने त्याच्या मावसबहिणीला आणलं, मुग्धाला, की एकदाचा सगळ्यांसमोर विषय होऊन जाऊदे, घरी नुसतीच रोज कटकट चाललीय. विषय असा की मुग्धाने बीडीएस केलं, म्हणजे दातांची डॉक्टर झाली, इंटर्नशिप झाली, मग गॅप घेतला, त्यात आधी घरच्यांच्या समाधानासाठी नीट एमडीएस दिली, म्हणजे इथल्या पुढच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा, पाहिजे ती ब्रँच मिळेल असा रँक काही आला नाही, तेव्हापासून घोडबंदरला एका क्लिनिकमध्ये पंधरा हजारावर सकाळ-संध्याकाळ राबतेय, आणि आता तिला अमेरिकेत जाऊन डेंटल स्कूल करायचंय. तिकडचे अर्ज मार्चच्या सुरुवातीला उघडतात आणि आत्ता जानेवारी २०२६ संपत आलाय. यंदा टाकायचा की पुढच्या वर्षी?

नानांनी पहिलाच प्रश्न असा टाकला की पक्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण ही डॉक्टर झालीय ना? मग परत कॉलेज कशाला?"

डॉक्टर म्हणजे आमचा कळव्याचा दातांचा डॉक्टर, क्लिनिक बंद करून रात्री कट्ट्यावर येतो, त्याने समजावलं की नाना, आपली बीडीएस तिथे चालत नाही, बहुतेक राज्यांत लायसन्स पाहिजे तर तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजची डीडीएस किंवा डीएमडी लागते, दोन्ही एकच डिग्री, नावं वेगळी. बाहेरच्या डेंटिस्टसाठी त्यांनी दोन-तीन वर्षांचे वेगळे प्रोग्रॅम काढलेत, सरळ वरच्या वर्षात घेतात. त्यांचे अर्ज बहुतेक एकाच पोर्टलवरून जातात, त्याला सगळे कॅपिड म्हणतात.

"म्हणजे पाच वर्षं फुकट नाही गेली," पक्या.

"फुकट कशी जातील, तिथल्या पोरांना आधी चार वर्षं कॉलेज आणि मग चार वर्षं डेंटल करावं लागतं."

आता पक्याची बाजू. त्याचं म्हणणं एकदम सरळ, यंदाच टाक. एक तर तिकडे बऱ्याच ठिकाणी रोलिंग असतं, म्हणजे अर्ज येतील तसे बघत जातात आणि इंटरव्ह्यूला बोलवत जातात, शेवटची तारीख येईपर्यंत सीटा भरत आलेल्या असतात. दुसरं म्हणजे गॅप. आधीच एक गॅप झालाय, त्यात अजून एक टाकला तर विचारणार ना, बाई तू दोन वर्षं करत काय होतीस? आणि तिसरं त्याने आवाज खाली करून सांगितलं पण ऐकू सगळ्यांना आलं, की मावशीने स्थळं बघायला सुरुवात केलीय.

"पक्यादादा, ते इथे काढायचं कारण होतं का?" मुग्धा.

"कारण तेच आहे ग, बाकी सगळं निमित्त आहे."

शिऱ्या ऐरोलीला आयटीत आहे, तो कायम उलट्या बाजूला बसतो. तो म्हणाला, अर्धवट फाईल पाठवायची आणि डॉलरमध्ये फी भरायची, पहिल्या कॉलेजला एक फी, पुढच्या प्रत्येक कॉलेजला अजून, शिवाय कित्येक कॉलेजं स्वतःची वेगळी फी घेतात ती निराळीच, दहा ठिकाणी टाकलंस तर तुझे क्लिनिकचे किती महिने गेले बघ. आणि यंदा नाही झालं तर पुढच्या वेळी काही कॉलेजं फॉर्ममध्येच विचारतात की आधी अर्ज केला होता का. एक वर्ष थांब, त्या आयएनबीडीई परीक्षेचा दणकून अभ्यास कर, मस्त स्कोअर आण, मग जा.

इथे डॉक्टर हसला. "स्कोअर कसला आणणार? त्यात मार्क कळतच नाहीत कॉलेजला."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आयएनबीडीई म्हणजे तिथली डेंटलची बोर्डाची परीक्षा, आधी दोन पार्ट होते ते जाऊन २०२० पासून ही एकच आली, पाचशे प्रश्न, दोन दिवस, पहिल्या दिवशी ३६० आणि दुसऱ्या दिवशी १४०. आणि पास झालात तर नुसतं पास. नव्वद टक्केवाला पण पास आणि काठावरचा पण पास. नीट एमडीएस २४० प्रश्नांची, ९६० मार्कांची, तिथे एकेका मार्कावर रँक हलतो, त्यामुळे आपल्या डोक्यात ते एवढं बसलंय की परीक्षा म्हटलं की वर्षभर थांबून दहा मार्क वाढवायचे. इथे वाढवायला काही नाहीच. पास व्हायचं आणि पुढे चालायचं. शिऱ्याचा मुद्दा तिथेच बसला खरं तर, पण शिऱ्या कधी बसतो का.

"मग थांबून वाढतं काय?" त्याने विचारलं, आणि माझ्या मते अख्ख्या रात्रीतला कामाचा प्रश्न हाच होता.

डॉक्टर म्हणाला, बीडीएसचे मार्क झाले ते झाले, ते आता बदलत नाहीत. बदलू शकतं ते म्हणजे हातातलं काम, शिफारशीची लेटरं देणारे लोक, आणि बेंच टेस्ट. बऱ्याच कॉलेजांत इंटरव्ह्यूच्या वेळी प्लास्टिकच्या दातांवर काम करायला बसवतात, क्राऊनसाठी, म्हणजे कॅप बसवायला, दात घासून द्या, फिलिंगसाठी क्लास टू कॅव्हिटी कापून द्या, वेळ लावून.

तेव्हा मुग्धाने बॅगेतून एक छोटी डबी काढली. त्यात खालच्या दाढेचा एक प्लास्टिकचा दात होता, क्राऊनसाठी घासलेला. क्लिनिकमधले पेशंट संपले की मागच्या खुर्चीवर बसून ती हे करते म्हणे, टायपोडॉन्ट, म्हणजे सरावाचा नकली जबडा, सेकंडहँड घेतलाय. दात सगळ्यांच्या हातातून फिरला, नानांनी चष्मा वर करून बघितला आणि छान आहे म्हणाले, त्यांना काय कळलं देव जाणे. डॉक्टरने मात्र मोबाईलचा टॉर्च लावला, दात तिरका धरला आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख अडलं. "मागच्या बाजूला मार्जिनला पायरी झालीय. आणि वरून जरा जास्तच घासलायस, क्राऊनला पकड नाही राहणार. किती वेळ लागला?"

"पाऊण तास."

"वेळ ठीक आहे. हात थांबवायला शिक."

मग तो जे बोलला त्याने पक्याचा रोलिंगवाला मुद्दा आडवा पडला. लवकर अर्ज म्हणजे काय? पोर्टलवर सबमिट दाबलं म्हणजे अर्ज पोचला असं आपण धरतो, पण तिथे फाईल पूर्ण होईपर्यंत बहुतेक ठिकाणी तिला हातच लावत नाहीत. एकेक कागद कुठून यायचा बघ. मुग्धाचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली, म्हणजे एमयूएचएस, तिथून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत उतारा. ते ट्रान्सक्रिप्ट अमेरिकेतल्या ईसीई नावाच्या संस्थेकडे जाणार, ते एकेक विषय धरून तिकडच्या ग्रेडमध्ये बसवणार. तो रिपोर्ट बोर्डाकडे गेला की मगच बाहेरच्या माणसाला आयएनबीडीईला बसता येतं. मग परीक्षा, मग रिझल्टची वाट. त्यातलं एकही पाऊल आधीचं झाल्याशिवाय पडत नाही, आणि एकही तुझ्या हातात नाही, फक्त अभ्यास सोडून. टोफेल, ती इंग्रजीची परीक्षा, मधे कधीही दे, पण त्याचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगाच आज देऊन ठेवू नकोस.

"यातलं झालंय काय काय?" नाना.

मुग्धा जरा गप्प झाली. "टोफेलचं पुस्तक आणलंय."

पक्यासकट सगळे हसले, ती पण. मग लेटरांचं निघालं. तिच्या एका एचओडीने सांगितलंय की तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो, जे की आपल्याकडे सगळेच सांगतात, आणि मग लेटरात मुलगी कष्टाळू, नम्र आणि वक्तशीर आहे एवढंच उरतं. डॉक्टरचं म्हणणं, त्यापेक्षा जिथे काम करतेस त्या मॅडमकडून घे, त्यांनी तुला अवघड पेशंटला हाताळताना बघितलंय. त्यावर मुग्धाने सांगितलं की त्या मॅडमना ती जाणार हेच अजून माहीत नाही, कळलं तर आधी रूट कॅनाल काढून घेतील हातातून, परत दात साफ करायच्या स्केलिंगवर बसवतील. हा लोच्या खराच आहे, आणि तो कसा सोडवायचा ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

पण पक्या काही सोडेना, आणि इथे त्याचा मुद्दा खरंच वजनदार होता हे मान्य करायला पाहिजे. तो म्हणाला, हिशोब करा. मार्च २०२६ ला टाकला तर बहुतेक ठिकाणी क्लास २०२७ ला. मार्च २०२७ ला टाकला तर २०२८, आणि डिग्री हातात यायला २०३० किंवा ३१. तुम्ही म्हणताय एक वर्ष थांब, एक वर्ष, पण ती आज पंचविशीची आहे, बाहेर पडेल तेव्हा तिशीला आलेली असेल, आणि त्यानंतर कर्ज फेडायचं. एक वर्ष म्हणजे तिकडच्या डेंटिस्टचा एका वर्षाचा पगार गेला, क्लिनिकचे पंधरा हजार नाही गेले. हे कोणी धरतंय का?

कोणी धरलं नव्हतं. मधला रस्ता डॉक्टरनेच काढला, की सगळ्या कॉलेजांच्या तारखा एक नसतात, काही लवकर बंद होतात, काही बरीच उशिरापर्यंत घेतात, तर आत्ता कागद हलव, उन्हाळ्यात परीक्षा निघाली तर उशिरा बंद होणाऱ्या तीन-चार ठिकाणी यंदाच टाक, नाही निघाली तर पुढच्या मार्चला पहिल्या दिवशी पूर्ण फाईल. पक्या खूश. मला पण पटलं होतं, उठायच्या तयारीत होतो.

तेवढ्यात नाना म्हणाले, "आणि पैसे?"

नाना बँकेतून रिटायर झालेत, लोन डिपार्टमेंटला होते. दीड कोटीच्या खाली काही भागत नाही हे डॉक्टर आधीच बोलून बसला होता. नानांनी शांतपणे विचारलं, तारण काय देणार? पक्या म्हणाला, फ्लॅट आहे की चरईतला.

"फ्लॅट आहे कुठे? बिल्डिंग तर पाडली."

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुग्धाच्या घरच्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, मावशी-काका वर्तकनगरला भाड्याने राहतात, भाडं बिल्डर देतो. नाना म्हणाले, आज त्या जागी खड्डा आहे, तुमच्या हातात करारनामा आहे, त्यावर एवढं मोठं लोन कुठलीही सरकारी बँक मला नाही वाटत करेल. पझेशन कधी? बिल्डरने लिहून दिलंय डिसेंबर २०२७. बिनतारणाचं लोन देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत, व्याज चढं. आणि ॲडमिशन झाली की कॉलेज डिपॉझिट मागणार, ते परत येत नाही, आणि व्हिसासाठी कॉलेजकडून आय-ट्वेंटी नावाचा कागद काढायला पैसे आहेत हे आधी दाखवावं लागतं, नंतर बघू म्हणून चालत नाही. म्हणजे यंदा समजा कुठे झालीच ॲडमिशन, २०२७ च्या क्लासला, तर पैसे दाखवणार कुठून?

"म्हणजे ही कधी शिकणार ते बिल्डर ठरवणार?" पक्या जवळजवळ ओरडलाच, चहावाल्याने वळून बघितलं.

"ठाण्यात काय काय बिल्डर ठरवतो याची यादी करायला बसलास तर सकाळ होईल," डॉक्टर.

शिऱ्याला लगेच चेव आला, त्याने सप्टेंबर २०२५ ची एच-वन-बीची, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाची, एक लाख डॉलरची फी काढली, एवढं कर्ज करून शिकायचं आणि नंतर कोण एवढे भरून ठेवून घेणार. मग त्यालाच आठवलं की ऑक्टोबरमध्ये तिकडच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं होतं, तिथेच एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, असलेल्याने देशातल्या देशात स्टेटस बदललं तर ती फी लागत नाही. पण २०३० ला कुठला नियम असेल हे आज कोण सांगणार, त्यावरून आज थांबण्यात पण अर्थ नाही आणि धावण्यात पण नाही. मला तर वाटतं कट्ट्यावर अमेरिकेचा विषय निघाला की व्हिसाला शेवटी ठेवावं, नाहीतर बाकी काही बोलणंच होत नाही.

माझं मत शेवटी नानांच्या बाजूला गेलं, पण थोडं बदलून. पुढचा मार्चच धरावा, पझेशनसाठी नाही, बिल्डरची तारीख पुढे सरकली तर काय अजून थांबणार का. पुढचा मार्च यासाठी की फाईल त्याआधी पूर्ण होणारच नाही नीट, आणि ते तीन-चार ठिकाणी उशिरा टाकणं म्हणजे भरत आलेल्या सीटांवर डॉलर घालवणं. मधल्या वर्षात खाजगी लोनवाल्यांकडून लेखी कोटेशन घेऊन ठेवायचं, काकांचा पीएफ किती निघतो ते बघायचं, आणि रोज एक दात घासायचा. गॅपचं कोणी विचारलंच तर दाखवायला हे एवढं आहे. पक्याला हे अजिबात पटलं नाही, तो अजूनही म्हणतो तीन ठिकाणी तरी टाकाच, लॉटरी लागते कधी कधी.

मुग्धा एवढा वेळ ऐकत होती, ती म्हणाली, मार्च कुठलाही असो, ट्रान्सक्रिप्ट तर दोन्हीकडे लागणारच ना, मग ते तरी सुरू करते. सगळ्या वर्षांच्या मार्कशीटच्या कॉपी पाहिजेत. मार्कशीट कुठेत? तर बिल्डिंग खाली करताना जे सामान खोक्यांत भरलं त्यात, आणि ती खोकी मामाच्या कल्याणच्या गाळ्यात. कुठल्या खोक्यात ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पक्या म्हणाला, उद्या सकाळी सव्वानऊची लोकल, मी येतो, पण शोधताना यंदाचाच मार्च का ते तुला परत एकदा पहिल्यापासून सांगणार.