सूरच्या शिंपल्यांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकं बारकाईनं वाचून लिहिलंत, आभार. ओमानमधल्या सूर शहराजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे शिंपले आणि मोठाले दगड म्हणजे जुन्या त्सुनामीच्या खुणा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन: शिंपले माणसांनीच खाऊन टाकलेले असतील, मोठाले दगड चक्रीवादळानंही फेकले जातात, आणि असं लिहिल्यानं लोक उगाच घाबरतात.

दगडांबाबत तुमचा मुद्दा वजनदार आहे. 2013 साली हैयान वादळाच्या लाटांनी फिलिपीन्समध्ये सुमारे 180 टनांचा दगड सरकवला. ओमानच्या किनाऱ्यावर फिन्स गाव ते सूर या पट्ट्यातले शंभरेक टनांचे दगड नुसत्या वजनावरून त्सुनामीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

शिंपल्यांचं तसं नाही. आपण तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) खातो, तेव्हा काय उरतं आठवा: सुट्या शिंपा. सूरच्या खाडीतल्या थरात दोन्ही शिंपा जोडलेले कितीतरी जीव आहेत, तेही जिथं ते राहतात त्या स्थितीत नाहीत, आडवेतिडवे. म्हणजे जिवंतपणी उपटले जाऊन झपाट्यानं गाडले गेले. शेजारी फुटलेल्या शिंपांचे तुकडे आहेत आणि त्यांच्या कडा धारदार आहेत. रोजच्या लाटांत घोळलेला तुकडा गुळगुळीत होतो. शिवाय त्यात खाडीबाहेरच्या समुद्रातल्या जाती मिसळलेल्या. एकेक खूण वादळालाही जमेल. पण तिन्ही एकत्र, आणि खाडीत दूरवर पसरलेल्या एकाच थरात? 2008 साली 'जिऑलॉजी' नियतकालिकात सायमन डोनॅटो आणि सहकाऱ्यांनी हा थर 1945 च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) त्सुनामीचा ठरवला, तो या एकत्र पुराव्यावर, आणि मला तो पटतो. नंतर तिथल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांचाही याच दृष्टीनं अभ्यास झाला.

कोरड्या हवामानाचा इथं फायदाच होतो. दाट झाडोरा नाही, मुळं थर उसकटत नाहीत. वारा मात्र वाळू उडवून शिंपले मागे ठेवतो, म्हणून उघड्यावर पडलेल्या शिंपल्यांपेक्षा गाडला गेलेला थर मी जास्त विश्वासाचा मानतो.

आता भीतीबद्दल. 28 नोव्हेंबर 1945 ला पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्यालगत 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आठनंतर त्याच्या लाटा मुंबईत पोचल्या, वर्सोव्याला आणि हाजीअलीला माणसं वाहून गेली. मधे साडेचार तास होते आणि कळवणारं कुणी नव्हतं. आज हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेतून त्सुनामीचा इशारा निघतो. हे तास वापरता येतात, पण त्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसाला असं पूर्वी घडलंय हे ठाऊक हवं. म्हणूनच मी हे लिहितो, आणि लिहीत राहणार.