काडतुसांचा हिशेब

स्वसंरक्षणासाठी प्रत्येक सज्जन नागरिकाला अमेरिकेप्रमाणे पिस्तूल सहज मिळाले पाहिजे, असे महाराष्ट्रातील माझे सुशिक्षित मित्र हल्ली इतक्या ठामपणे सांगतात की, टेक्सासमध्ये संसार थाटलेल्या मला ते ऐकून संताप येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची फेसबुकवरील थेट प्रक्षेपणादरम्यान हत्या झाली, तिचा दाखला ते हिरिरीने देतात. त्या हत्येतील पिस्तूल परवान्याचेच होते, एवढे मात्र सोयीस्करपणे वगळतात.

या वादात काडतुसाचा उल्लेखही होत नाही, याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटते. भारतातील शस्त्र परवान्यावर बोअरबरोबरच (नळीचा आतील व्यास, म्हणजेच काडतुसाचा आकार) एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हेही लिहिलेले असते. गावठी कट्टा लेथवर घडवता येतो. काडतुसाची पितळी पुंगळी आणि तिच्या तळाशी असलेली ठिणगी देणारी टोपी तशी घडवता येत नाही. म्हणूनच पोलिसांच्या बातमीत ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे’ असते. तो ‘दोन’चा आकडा म्हणजे त्या कायद्याची कमाई आहे, असे मी मानतो.

इथे टेक्सासच्या दुकानांत मासेमारीच्या गळांशेजारच्या फळीवर काडतुसांची खोकी रचलेली असतात आणि काउंटरवर फार तर वय विचारले जाते. त्यांतील .२२ आणि .२२३ ही दोन काडतुसे शेजारी ठेवून पाहावीत. गोळीचा व्यास जवळपास सारखाच. परंतु दुसऱ्याच्या पुंगळीत दारू कितीतरी अधिक असल्याने त्याची गोळी सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा सुमारे दहापट असते. पोलिसांचे नेहमीचे मऊ चिलखत पिस्तुलाची गोळी अडवते, ही अडवू शकत नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका हेच .२२३ जातीचे काडतूस झाडणाऱ्या एआर-१५ पद्धतीच्या रायफलीने मारल्या गेल्या, तेव्हा तिथे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते आणि हल्लेखोराला ठार करायला ७७ मिनिटे लागली. सज्जनांच्या हाती शस्त्र असले की अनर्थ टळतो, असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावे.

भारतीय कायदा निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. सैन्य आणि पोलिसांचा दारूगोळा बाहेर फुटू नये म्हणून ९ मिमी बोअर निषिद्ध ठरला, पण त्याहून कित्येक पटींनी प्रबळ असलेल्या .३१५ रायफलीला परवाना मिळतो. वर्गवारी गोळीच्या ऊर्जेवर व्हावी. शरीरात पसरणाऱ्या गोळीला कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्याचे नाव मिळाले आणि १८९९ च्या हेग घोषणेने ती युद्धात वर्ज्य ठरवली. अमेरिकन पोलीस मात्र तशीच पोकळ टोकाची गोळी वापरतात, कारण ती शरीर भेदून मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी असतो. हा युक्तिवाद मला पटतो. माझ्या तिजोरीतील ९ मिमीच्या पिस्तुलातही त्याच गोळ्या आहेत.

‘स्वतः पिस्तूल बाळगता आणि आम्हाला मात्र नको म्हणता,’ असे मित्र यावर सुनावतात, आणि भारतीय पासपोर्ट परत केलेल्याने तिथल्या कायद्यावर बोलू नये, असेही बजावतात. मतदानाचा माझा हक्क संपला, हे खरे आहे. पण शेजारीपाजारी, गाडीत, दुकानात शस्त्र असणार, हे गृहीत धरूनच जिथे वावरावे लागते, तिथे मी ते घेतले आहे. रस्त्यावरच्या भांडणात समोरच्याच्या कमरेला काय असेल, हा विचार मनात न आणता मी भारतात लहानाचा मोठा झालो. तो निर्धास्तपणा इथे मला कधीही लाभला नाही, आणि ज्यांच्याकडे तो अजून आहे त्यांनीच तो टाकून द्यायला निघावे, हे मला सहन होत नाही.