चुकलेलं उत्तर आधी ऐकून घ्या

बी.एड. करतोय, लवकरच सराव पाठ सुरू होतील. 'तुमचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान' असा निबंध कॉलेजात द्यायचाय. तिथे पियाजे, वायगॉट्स्की हे मुलं कशी शिकतात ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ येतीलच, मार्कांपुरते. इथे मनातलं लिहितो.

ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, म्हटलं की लोकांना रंगवलेली फरशी, खडे, आइस्क्रीमच्या काड्या आठवतात. साहित्य हवंच. पण माझ्या मते खरं काम मुलाच्या चुकलेल्या उत्तरापासून सुरू होतं.

०.४ मोठं की ०.३५? कितीतरी मुलं ०.३५ म्हणतात. का विचारा. "चारापेक्षा पस्तीस मोठं न्हवं काय सर?" पूर्ण संख्यांचा नियम त्यानं इथे लावून बघितलाय. डोकं चालवलंय की! आपण फुली मारतो आणि 'मागे शून्य लाव' सांगून मोकळे होतो. उत्तर बरोबर येतं, डोक्यातला घोळ तसाच.

हेच पोर बेळगावच्या बाजारात आईशेजारी मिरच्या विकायला बसतं. काट्यावर ०.३५० दिसलं की साडेतीनशे ग्रॅम, ०.४०० झालं की पन्नास जादा म्हणून मूठभर काढून घेतं. मग तो काटाच वर्गात आणावा, वजन करायला लावावं, त्याचं त्याला भांडू द्यावं. शून्य का लावायचं हे नंतर तोच शेजारच्याला सांगेल.

आता सीमाभागातली गोम. हे 'का' तो सांगणार ते निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात. तिथेच 'नीट शुद्ध बोल' म्हणून दटावलं की पोरगं गप्प. घोळ काय होता ते आपल्याला कधीच कळत नाही. गणिताच्या तासाला आधी गणित ऐकावं, भाषा मागाहून.

सगळंच मुलांनी शोधावं असं मात्र मी म्हणत नाही. अक्षराचं वळण, दशांश चिन्ह कुठे द्यायचं, हे सरळ सांगावं. उगाच कोडी घालत बसू नये.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही. आपल्याच कर्नाटकात मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली नली-कली ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली: गट, कृती, ज्याची त्याची गती. पण ती खालच्या वर्गांपुरती. वर गेलं की पोर्शन आणि दहावीची एस.एस.एल.सी. परीक्षा.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. खानापूरकडच्या खेड्यांत एका खोलीत दोन-तीन वर्ग, मास्तर एकच. एकाचं 'का' ऐकताना बाकीच्यांना काय द्यायचं? तिकडे शिकवणाऱ्यांनी सांगा, कसं जमवता?