उभ्या गाडीचं डिझेल कुठे जातं?

"पोलिसांच्या गाड्यांवर जनतेचा पैसा उधळला जातोय" हा फॉरवर्ड परवा आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर काका आहेत, पोलिसांच्या एमटी (मोटार परिवहन) विभागातून निवृत्त झालेले चालक. त्यांनी तो वाचला आणि काही न बोलता फोन बाजूला ठेवला. म्हणून हे लिहितेय.

"गाडी 20 किलोमीटर फिरते आणि 10 लिटर डिझेल पिते, म्हणजे ड्रायव्हर डिझेल विकतात." हे वाचून माझं डोकंच फिरलं. बंदोबस्ताची गाडी रात्रभर नाक्यावर उभी असते. वरचा दिवा, वायरलेस, 112 या मदत क्रमांकाचे कॉल दाखवणारं यंत्र चालू. बॅटरी उतरली तर कॉल आल्यावर गाडी निघणार कशी? म्हणून इंजिन चालू ठेवतात. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जाळतं. दहा तासांचा हिशोब करून बघा, काटा एक किलोमीटरही पुढे सरकलेला नसतो. इथे इंजिन किती तास चाललं ते मोजायला हवं, नुसतं ॲव्हरेज काढून काय कळणार?

चोरी कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही. लॉगबुकात फेऱ्या वाढवून लिहिणारे असतात, हे काकाच सांगतात. मग जीपीएसच्या नोंदी लॉगबुकाशी ताडून बघा आणि सापडेल त्याला धरा. सरसकट सगळ्यांना चोर कशाला म्हणता?

"जुन्याच गाड्या दुरुस्त करून वापरा." कशा वापरणार? केंद्राची 16 जानेवारी 2023 ची अधिसूचना आहे: 15 वर्षं झालेल्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून होत नाही. सवलत आहे ती चिलखती आणि खास कामाच्या गाड्यांना, पोलीस ठाण्याच्या साध्या जीपला नाही. काकांच्या शेवटच्या जीपचा हँडब्रेक धरत नव्हता. सीटखाली एक दगड कायम ठेवलेला असायचा, उतारावर गाडी थांबली की आधी तो चाकामागे लावायचा. तिच्यावर किती खर्च झाला ते फॉरवर्डवाल्याने मोजलंय का?

"सगळ्या इलेक्ट्रिक घ्या." तीन पाळ्यांना एकच गाडी असेल तर ती चार्जिंगला लावायची कधी?

विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून नव्या गाड्या येतात, पण पुढे त्यांचं डिझेल आणि टायर यांची तरतूद कुठून होते? तो फॉरवर्डमध्ये नाही.

आत्या, तो मेसेज काढ आणि आज काकांना फोन कर.