‘अँटिबायोटिक गरम पडलं’वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय: अ‍ॅडमिट पेशंटला जुलाब लागले तर समजायचं अँटिबायोटिक गरम पडलं, जुलाब बंद व्हायची गोळी द्या, दही खायला घाला आणि सॅनिटायझर लावला की बाकीच्यांना काही होत नाही. मी वॉर्डात नर्स आहे, हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

गरम पडलं? अँटिबायोटिकने पोट बिघडतं हे खरं आणि बऱ्याचदा आपोआप थांबतंही, पण काही वेळा त्यामागे सी. डिफ नावाचा जंतू असतो. औषधाने आतड्यातले चांगले जंतू मेले की याला रान मोकळं, मग हा वाढतो, विष सोडतो आणि मोठ्या आतड्याला सूज येते. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन अशा औषधांनंतर जास्त होतं, कोर्स संपून महिना-दोन महिने झाल्यावरही होतं. 24 तासांत 3 वेळा पातळ झालं तर डॉक्टरांना सांगा, आणि आधी कुठली अँटिबायोटिक झाली तेही सांगा, घरचे नेमकं तेच विसरतात.

बंद व्हायची गोळी? प्लीज स्वतःहून देऊ नका. सी. डिफ असेल तर विष आतच साचतं, आतडं फुगून जिवावर बेतू शकतं.

दही खाऊ दे की, पण ते उपचार नाही. बऱ्याचदा व्हॅन्कोमायसिन देतात, 10 दिवस, तेही तोंडाने, कारण शिरेतून दिलेलं आतड्यात पोचतच नाही. मी इंजेक्शनचीच व्हायल पाण्यात विरघळवून पाजते तेव्हा नातेवाईक घाबरतात, सिस्टर इंजेक्शन पाजताय काय म्हणून, तर हो, ते बरोबर आहे. काहींना बरं झाल्यावर पुन्हा होतं, अशांना निरोगी माणसाच्या शौचातले जंतू आतड्यात सोडायचा उपचारही आहे, नेदरलँड्सच्या 2013 च्या अभ्यासात 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले.

आणि सॅनिटायझर, यावर माझा सगळ्यात जास्त जीव जळतो. या जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं सुप्त रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. मुलगा आईचं बेडपॅन उचलतो, सॅनिटायझरचे दोन थेंब चोळतो आणि त्याच हाताने शेजारच्या आजोबांना पाणी देतो, किती चांगल्या मनाने करतो तो, पण बीजाणू हातावरच असतात ना. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चोळून धुतले तरच ते निघून जातात. कठडा, कमोड, दाराची मूठ हायपोनेच, म्हणजे ब्लीचच्या पाण्यानेच पुसायची, साध्या फिनेलवर भागत नाही. इंग्लंडमध्ये 2007-08 ला 55 हजारांवर केसेस होत्या, तिथे अँटिबायोटिकला लगाम घातला, पेशंट वेगळे ठेवले, हात धुणं आणि सफाई कडक केली, 2013-14 ला आकडा 13 हजारांच्या आसपास आला. तेव्हा पेशंटला भेटायला आलात की सॅनिटायझरची बाटली नंतर, आधी बेसिन कुठाय ते विचारा, आणि तिथे साबण नसला तर आमच्याकडे मागा, हक्काने मागा.